द्यूत गेले, वास्तू राहिली

द्यूत ही मनुष्याची फार जुनी दुर्बलता आहे. महाभारताचा सारा अनर्थ सभापर्वातील फाशांतून उद्भवला, हे कीर्तने ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांस सांगावयास नको. परंतु राजाने द्यूताशी कसे वागावे, याविषयी आपल्या शास्त्रकारांतही एकमत नव्हते. मनूने ते राज्यातून समूळ नाहीसे करण्यास सांगितले. कौटिल्याने मात्र अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ते चालू देऊन जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घेण्याचा नियम घातला. हाच वाद विसाव्या शतकात ब्राझीलमधील एका वास्तूच्या वाट्यास आला, म्हणून तिचा इतिहास आपणांसही उद्बोधक आहे.

रिओ द जानेरो हे त्या काळी ब्राझीलचे राजधानीचे शहर. १८९२ साली डोंगरातून बोगदा निघाला आणि कोपाकबाना येथील निर्जन वाळवंट शहराशी जोडले गेले. १९२२ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन भरावयाचे होते. देशोदेशींच्या पाहुण्यांसाठी एखादे भव्य हॉटेल असावे, अशी अध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांची इच्छा होती. ऑक्ताव्हिओ गिन्ले या धनिकाने हे काम पत्करले. परंतु हॉटेलात कॅसिनो चालविण्याचा परवाना मागून घेतला. जोसेफ झीर या फ्रेंच स्थापत्यकाराने फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हॉटेलांच्या धर्तीवर ही शुभ्र वास्तू रचली. तथापि बांधकाम लांबले आणि ‘कोपाकबाना पॅलेस’चे दार १३ ऑगस्ट १९२३ रोजी उघडले, तेव्हा तो उत्सव उरकला होता.

पुढील अध्यक्ष आर्तुर बेर्नार्देस यांनी १९२४ मध्ये, विलंबाकडे बोट दाखवून, परवाना काढून घेण्याचा प्रयत्न केला. गिन्ले न्यायालयात गेले. दावा दहा वर्षे रखडला आणि १९३४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. शासनाने दिलेला शब्द त्याच्या लहरीने मोडत नाही, हे तत्त्व द्यूतगृहाच्या निमित्ताने का होईना, सिद्ध झाले.

परंतु न्यायालयात टिकलेली गोष्ट कायद्यापुढे टिकली नाही. ३० एप्रिल १९४६ रोजी अध्यक्ष दुत्रा यांनी एका हुकुमान्वये साऱ्या देशातील कॅसिनो बंद केले. ब्राझीलच्या जनतेची नैतिक व धार्मिक परंपरा द्यूताच्या विरुद्ध आहे, असे कारण त्यात नमूद होते. येथे एका हॉटेलावर रोष नव्हता, नियम सर्वांस सारखा होता. म्हणून तो १९२४ च्या प्रयत्नाहून निराळा. तरीही प्रस्तुत लेखकाच्या वकिली मनास एक गोष्ट खटकते. संविधानसभा त्या वेळी भरलेली असताना हा निर्णय लोकप्रतिनिधींच्या चर्चेने झाला नाही, आणि त्या धंद्यावर पोट असलेले हजारो वादक, गायक व सेवक एकाएकी उघडे पडले. हेतू शुद्ध असला म्हणजे रीतीचा दोष नाहीसा होत नाही.

द्यूत गेले, हॉटेल मात्र बुडाले नाही. १९६० मध्ये राजधानी ब्राझिलियास गेली, तेव्हा त्याची कळा उतरली. १९८० नंतरच्या दशकात ते पाडण्याच्या गोष्टी निघाल्या. पण राष्ट्रीय वारसा म्हणून त्यास संरक्षण मिळाले. १९८९ मध्ये गिन्ले घराण्याने ते विकले, तरी ती वास्तू आजही त्याच किनाऱ्यावर पाहुण्यांचे स्वागत करीत उभी आहे.

हे दूरचे आख्यान गोमंतकास परके नाही. येथील १९७६ च्या कायद्याने जुगारास बंदी केली आणि १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळास त्याच कायद्यात वाट करून दिली. कौटिल्याचा शेकडा पाच कोणत्याही तिजोरीस गोडच लागतो. मात्र द्यूतावाचून किनाऱ्याचे वैभव टिकणार नाही, असे कोणी सांगू लागल्यास त्यास कोपाकबानाच्या त्या शुभ्र वास्तूकडे बोट दाखवावे. आणि बंदीची मागणी करणाऱ्यांनीही, दिवे मालवण्यापूर्वी त्या दिव्यांखाली राबणाऱ्यांच्या चुलीचा विचार करावा.