विविधता धोरण, कलाशिक्षणातील : सोलापूर

कला शिकवणाऱ्या विद्यापीठात कोणाला प्रवेश मिळतो, शिकवायला कोण उभे राहते, अभ्यासक्रमात कोणती कला येते आणि ती कोणत्या भाषेत शिकवली जाते, हे ठरवणारी संस्थेची भूमिका म्हणजे तिचे विविधता धोरण. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि परिसरातील कलावंत यांनी एकत्र बसून ते घडवले, तर ते सहभागी धोरण ठरते.

सोलापूरला या विषयाचे मोल अधिक आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळे होऊन १ ऑगस्ट २००४ रोजी येथे एकाच जिल्ह्यासाठी विद्यापीठ सुरू झाले. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. विद्यापीठाचे क्षेत्र लहान असले, तरी वस्ती एकसारखी नाही. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू रोज कानावर पडतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे माग लावले. अक्कलकोट, मंगळवेढ्याची वेस कर्नाटकाला भिडते. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे याच मिश्र शहराचे.

कलेचा इतिहासही असाच बहुरंगी आहे. शाहीर राम जोशी सोलापूरचे. शाहीर अमर शेख (जन्म १९१६) बार्शीचे, चित्रकार एम. एफ. हुसेन (१९१५) पंढरपूरचे. मराठी संगीत रंगभूमी गाजवणाऱ्या गायिका-अभिनेत्री फैय्याजही सोलापूरच्याच. २०१५ च्या बेळगाव नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

यांतल्या अनेकांना घडवले ते वर्गाबाहेरच्या जगाने. अमर शेखांचा आवाज कामगार चळवळीत तयार झाला, हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. पण महाविद्यालयाचे दार उघडले की काय होते, तेही जिल्ह्याने पाहिले आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरला संज्ञापनाचे शिक्षण घेत होते. त्याच काळात त्यांनी केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. पुढे ‘फॅन्ड्री’ आणि ‘सैराट’ आले, आणि मराठी पडद्यावर कोणाची भाषा, कोणाची वस्ती दिसावी हा प्रश्न घराघरात पोचला.

हे दार मात्र सगळ्यांना सारखे उघडत नाही. ललितकलेच्या पदवी प्रवेशासाठी राज्यात जी सामायिक परीक्षा होते, तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान तपासले जाते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा दिलेल्या, चांगला चित्रकला शिक्षक लाभलेल्या मुलाला ही चौकट ओळखीची असते. जकार्ड मागावर भिंतीवरची चित्रे विणणाऱ्या घरातल्या मुलीला रंगसंगती आणि आलेखावरची नक्षी लहानपणापासून ठाऊक असते, पण ते ज्ञान मोजणारा रकाना या परीक्षेत नाही. विविधतेचे काम जागांच्या आरक्षणाने सुरू होते आणि कसोटी बदलण्यापर्यंत पोचावे लागते, ते यामुळेच.

कायद्याचा पाया तयार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींशी शिक्षणात भेदभाव करण्यास मनाई केली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी परिषद आणि विद्यार्थी विकास मंडळ यांची तरतूद आहे.

सहभागाची पद्धत सोपी नाही. तिला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. आधी प्रवेश, गळती आणि निकालाचे आकडे जात, लिंग, भाषा, दिव्यांगत्व यांनुसार उघडपणे मांडावे लागतात. मग बैठका घ्याव्या लागतात, आणि त्या लोकांच्या सोयीने. कुंभारीच्या कामगार वसाहतीतली विडी वळणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून विद्यापीठात येईल, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बैठक वसाहतीत, काम आटोपल्यावर आणि तेलुगू-कन्नड-उर्दूतही व्हायला हवी. तिथे आलेली सूचना स्वीकारली की नाकारली, हे कारणासह कळवले नाही, तर पुढच्या बैठकीला कोणी येत नाही.

असा सहभाग इतरत्र घडलाही आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ ते २०१६ या काळात झुरिक आणि जिनिव्हाच्या कलाविद्यालयांनी प्रवेशातील विषमता तपासली, तेव्हा संस्थांतल्याच मंडळींना सहसंशोधक केले होते. संस्थेने स्वतःची प्रवेशपरीक्षाच चौकशीखाली आणली, हे त्या प्रकल्पाचे वैशिष्ट्य.

शिकवणारे बदलण्याची वाटही आता खुली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने निवासी कलावंतांची कल्पना मांडली. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कलावंत व कारागिरांना उच्चशिक्षण संस्थांत नेमण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कलेतील अनुभवाला आणि पुरस्कारांना महत्त्व आहे. हलगीवादक, गोंधळी, भारूडकार आणि जकार्डचे विणकर सोलापूर जिल्ह्यात आहेत; या सूचनांच्या आधारे त्यांना निमंत्रण देणे हे विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांच्या हाती आहे.