आधी हात, मग सुई

टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाचं खारघरचं संशोधन केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ रायगड जिल्ह्यातच आहे. अ‍ॅक्ट्रेकमध्ये वारशाने येणाऱ्या कर्करोगाची जनुकीय तपासणी होते. तेव्हा रक्ताच्या एका नळीने स्तनाचा कर्करोग वेळेत कळेल आणि पेण-रोह्याच्या खेड्यांतल्या बायकांचा प्रश्न सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. मुंबईचा अनुभव मात्र वेगळा आहे. टाटा मेमोरियल १९४१ साली परळला उभं राहिलं आणि १९६३ पासून शहरातल्या कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद होऊ लागली. पण रुग्ण आपल्या पायांनी येईपर्यंत थांबायचं की आपणच वस्तीत जायचं, याचा निकाल लागायला पुढची कित्येक वर्षं गेली. १९९८ मध्ये टाटाने मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर प्रयोग सुरू केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. ना यंत्र, ना सुई. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ४७ टक्क्यांऐवजी ३७ टक्के राहिलं आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

यावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. सर्व वयांची मिळून घट १५ टक्केच होती, तीही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नाशीचा हिशोब मागाहून वेगळा काढलेला, आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना लाभ दिसलाच नाही. मग तरण्या बायकांसाठी रक्तच तपासावं की! पण कोणत्या प्रश्नासाठी? १९९४-९५ मध्ये हाती लागलेली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं पुढचा धोका सांगतात, आज गाठ आहे की नाही हे नाही. आणि स्तनाच्या कर्करोगात वारशाचा वाटा पाच-दहा टक्क्यांचा. गाठीतून रक्तात सुटणारा डीएनए शोधणाऱ्या चाचण्यांची अडचण उलटी: गाठ लहान असते तेव्हाच तो इतका थोडा असतो की निसटतो. अहवालात शंका आली तर पुढे मॅमोग्राफी, सोनोग्राफी, तुकडा काढणं चुकत नाही, आणि ती सोय गावापासून दूर.

जनुकीय तपासणी खरी उपयोगी पडते ती एकाच घरात रोग पुन्हा पुन्हा दिसतो तिथे. त्यासाठी आधी कोणीतरी घरी बसून विचारावं लागतं, आणि नुसतं ‘आईला होता का?’ एवढं पुरत नाही. सदोष जनुक बापाकडूनही येतं. दुसऱ्या गावी दिलेली आत्या कशाने गेली, हे माहेरी धड कोणाला ठाऊक नसतं. वंशावळीतली नेमकी तीच जागा कोरी राहते.