चिखलातल्या शर्यतीच्या खुणा

म्हैसूरची जावा आपण सारेच ओळखतो. तिच्याच मूळ देशातली, चेकोस्लोव्हाकियाच्या स्त्राकोनित्से गावची सीझेड मात्र मोटोक्रॉसने, म्हणजे उंचसखल मातीतल्या शर्यतींनी, गाजवली. १९६४ साली बेल्जियमच्या जोएल रोबेरने तिच्यावर २५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने १९६६ ते १९६८ सलग तीनदा ५०० सीसीचे.

शर्यतीची गाडी पडते, झिजते, तिचे भाग बदलत जातात. म्हणूनच संग्राहक इंजिन व सांगाड्यावरचे क्रमांक, अंकपाट्या, छायाचित्रे, कागदपत्रे गाडीबरोबरच जपतात. टाकीवरचा पोचा काढून नवा रंग चढवला, तर गाडी देखणी होते, पण तिचा इतिहास पुसला जातो, असे आम्हाला वाटते. आपल्याकडच्या जुन्या जावालाही हाच नियम लावावा. गंज थांबवावा; वापराच्या खुणा राहू द्याव्यात.