पत्र आणि पाकीट

टपालानें येणाऱ्या पत्राचे दोन भाग असतात. आंतला मजकूर हा एक, आणि बाहेरचें पाकीट हा दुसरा. पाकिटावर मजकुराचें अक्षरही नसतें. तथापि कोणी, कोणास, केव्हां, कोठून आणि किती वेळां लिहिलें, हें त्यावरून कळतें. चाणाक्ष पोस्टमन एवढ्यावरून निम्म्या गांवाची हालहवाल सांगूं शकेल. समाजमाध्यमें आपली खाजगी माहिती घेतात ती प्रामाणिकपणें सांगून घेतात काय, या वादांत हा भेद बहुधा विसरला जातो. म्हणून येथें व्हॉट्सअ‍ॅप या एकाच कंपनीचा इतिहास पाहूं. तिचा आपल्याकडे घरोघरीं शिरकाव आहे हें एक कारण. तिनें वचनें लेखी दिलीं, हें दुसरें.

जान कूम व ब्रायन अ‍ॅक्टन यांनीं २००९ सालीं अमेरिकेंत ही कंपनी काढली. फेब्रुवारी २०१४ मध्यें फेसबुकनें ती सुमारें १९ अब्ज डॉलरांस विकत घेण्याचें जाहीर केलें, तेव्हां ग्राहकांत साहजिकच चलबिचल झाली. पुढच्याच महिन्यांत कूम यांनीं निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांचें बालपण सोव्हिएट अमलाखालच्या युक्रेनमध्यें गेलेलें. कांहीं गोष्टी टेलिफोनवर बोलण्याजोग्या नाहींत, त्या समक्ष भेटीतच सांगेन, असें आई म्हणत असे, ही आठवण त्यांनीं त्यांत सांगितली. मालक बदलला तरी तत्त्वें बदलणार नाहींत, असा एकंदर आशय होता. तें ढोंग होतें असें मला वाटत नाहीं. पण वचन देणारा एक आणि तें पाळण्याची वा मोडण्याची सत्ता हातीं असणारा दुसरा, अशी स्थिति तेव्हांच झाली होती.

एप्रिल २०१६ मध्यें कंपनीनें सर्व संदेश कुलूपबंद केले. धाडणारा व घेणारा यांखेरीज कोणासही, खुद्द कंपनीसही, ते वाचतां येऊं नयेत अशी ही योजना. काम मोठें होतें, आणि त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु चारच महिन्यांनीं, ऑगस्टमध्यें, अटी बदलल्या, आणि ग्राहकाचा टेलिफोन क्रमांक व त्याच्या वापरासंबंधींची माहिती फेसबुककडे जाईल असें ठरलें. पत्र शाबूत राहिलें, पाकीट गेलें. जुन्या ग्राहकांस जाहिरातींपुरता नकार देण्यासाठीं ३० दिवसांची मुदत होती. नकाराची सोय मात्र कशी? संमतीचें बटण समोर ठळक, आणि नकाराची खूण आंतला मजकूर उघडल्यावर सांपडणारी, तीही आधींच होकाराकडे वळवून ठेवलेली. आमचे जुने सावकार निदान दस्त वाचून तरी दाखवीत! प्रस्तुत लेखकानें त्या अटी न वाचतांच बटण दाबलें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

पुढील प्रकरण अधिक गंभीर आहे. २०१४ च्या खरेदीच्या वेळीं फेसबुकनें युरोपीय आयोगास असें कळविलें होतें कीं, दोन्हींकडील खातीं आपोआप आणि भरंवशानें जुळवितां येणार नाहींत. मे २०१७ मध्यें आयोगानें निर्णय दिला कीं, अशी जुळवणी २०१४ सालींच शक्य होती व फेसबुकच्या माणसांस तें ठाऊक होतें. दंड झाला ११ कोटी युरो. चूक हेतुपुरस्सर नव्हती, असें फेसबुकचें म्हणणें पडलें. त्याच वर्षीं अ‍ॅक्टन बाहेर पडले, आणि आपण ग्राहकांची गुप्तता विकली अशी कबुली त्यांनीं २०१८ सालीं उघडपणें दिली.

जानेवारी २०२१ मध्यें पुन्हां नव्या अटी आल्या. या खेपेस नकाराची वाटच ठेवलेली नव्हती. बदल केवळ व्यापारी संदेशांपुरता आहे, असें कंपनी म्हणत होती. आपल्या देशांत गवगवा झाला तेव्हां वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या, आणि खाजगी संदेश सुरक्षित आहेत अशी ग्वाही देण्यांत आली. ग्वाही खरी होती. पण जाणते लोक विचारीत होते पाकिटाविषयीं, आणि उत्तर येत होतें पत्राविषयीं. सप्टेंबर २०२१ मध्यें आयर्लंडच्या नियामकानें कंपनीस २२ कोटी ५० लक्ष युरो दंड केला, तो माहिती घेतल्याबद्दल नव्हे इतका ती स्पष्टपणें न सांगितल्याबद्दल. हें साधन न वापरणाऱ्या, पण ज्यांचा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या यादींत होता, अशा माणसांचाही त्यांत विचार झाला होता.

कंपनीनें कांहींच सांगितलें नाहीं असें म्हणतां येत नाहीं. बरेंच कांहीं लिहिलेलें होतें. माझा आक्षेप सांगण्याच्या वेळेवर आहे. आरंभीं ग्राहक एकटा होता, न आवडल्यास तो सहज निघून गेला असता. तेव्हां त्यास अभय दिलें. पुढें आप्त, शेजारी, शाळा, किराणा दुकानदार, सारे तेथेंच गोळा झाल्यावर अटी पुढें आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें, मान्य करा किंवा निघून जा ही रीत म्हणजे बाजारांतील वर्चस्वाचा दुरुपयोग होय, असें ठरवून फेसबुकच्या मालक कंपनीस, मेटास, २१३ कोटी १४ लक्ष रुपये दंड केला, आणि जाहिरातींसाठीं माहिती पुढें देण्यास पांच वर्षांची बंदी घातली. २०२५ सालीं अपिलांत दंड कायम राहिला, बंदी उठली.