हुतूतूतील ‘संजीवनी’ आणि खेळावयाच्या संधीचा प्रश्न

शहागंजच्या घंटाघराभोवतालच्या जुन्या वस्तीतील एखाद्या शाळेचा कबड्डी संघ परगावच्या स्पर्धेस निघतो, तेव्हा त्यात बारा मुले असतात. मैदानात उतरतात ती सात. उरलेल्या पाच जणांनी सराव तितकाच केलेला असतो आणि प्रवासही तितकाच घडतो. परंतु सामना अटीतटीचा झाला, तर त्यांतील एखाद्यास मैदानाची रेषाही ओलांडावयास मिळत नाही. विजय हवा तर उत्तम सात खेळवावे लागतात. मुले घडावयास हवी असतील तर सर्वांस खेळवावे लागते. हा पेच आधुनिक स्पर्धांनी निर्माण केला, असा समज आहे. तो बरोबर नाही. हुतूतूच्या नियमांचा इतिहास पाहिला असता हा पेच त्या खेळाच्या मुळाशीच असल्याचे दिसून येते.

हुतूतूस लिखित नियम लाभले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. सातारा, पुणे व बडोदे ही त्या घडणीची प्रमुख केंद्रे होत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे या केंद्रांपासून राजकीय दृष्ट्या वेगळा होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली; १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ साली मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

एकरूपता येण्यापूर्वी या खेळाचे तीन प्रकार रूढ होते : गामिनी, अमर व संजीवनी. तिन्हींतील मुख्य भेद एकाच प्रश्नाविषयी आहे. बाद झालेल्या खेळाडूचे पुढे काय करावयाचे? गामिनीत तो बाहेर जातो तो प्रतिपक्षाचा वा स्वपक्षाचा पूर्ण संघ बाद होईपर्यंत परतत नाही. येथे दुबळ्याच्या वाट्यास खेळापेक्षा बसणेच अधिक येते. ज्यास सरावाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. अमरमध्ये याच्या नेमके उलट आहे. बाद झालेला गडी मैदानातच राहतो, प्रतिपक्षास केवळ एक गुण मिळतो. खेळण्याचा वेळ सर्वांस समान. मात्र बाद होण्याची धास्ती बरीचशी ओसरते आणि चढाईतील जोखमीस अर्थ उरत नाही.

संजीवनीने या दोहोंमधला मार्ग काढला. प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो. शुक्राचार्यांच्या विद्येचे नाव या प्रकारास शोभून दिसते. परंतु त्यातील खरी मर्मदृष्टी निराळ्याच कलमात आहे. खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले, त्याच क्रमाने ते परत येतात. उत्तम चढाईपटू शेवटी बाद झाला असेल, तर त्याच्या आधी बाहेर गेलेला सामान्य गडी प्रथम आत येतो. कर्णधाराची इच्छा तेथे चालत नाही. विजयाची ईर्ष्या कायम राहते, पण संधीचे वाटप कोणाच्या मर्जीवर न राहता नियमावर सोपविले जाते. आजची प्रमाण कबड्डी याच पद्धतीवर उभी आहे.

खो-खोत हाच विचार अर्धवट आढळतो. बचावासाठी खेळाडू तिघा-तिघांच्या तुकड्यांनी उतरतात. एक तुकडी बाद झाली की दुसरीस उतरावेच लागते. तथापि पहिल्याच तिघांनी पाळीचा सारा वेळ काढला, तर मागील सहा जणांस धावावयास मिळत नाही. तेथे सहकाऱ्यांचे कौशल्यच इतरांची संधी हिरावून घेते.

तरीही संजीवनीची मर्यादा नजरेआड करून चालणार नाही. तिचा न्याय मैदानावरील सातांपुरता आहे. राखीव पाचांना कोणताही क्रम नाही. त्यांना केव्हा उतरवावयाचे, हे सर्वस्वी प्रशिक्षकाच्या हाती राहते. परदेशी खेळांनी या ठिकाणी काही विचार केलेला आहे. १९३९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने पथकातील प्रत्येकास किमान खेळ मिळालाच पाहिजे, असा दंडक घातला. सॉफ्टबॉलमध्ये प्रारंभीच्या खेळाडूस बाहेर काढल्यानंतर फलंदाजीच्या त्याच क्रमावर एकदा परत आणता येते. त्यामुळे राखीव खेळाडूस उतरविण्याचे भय कमी होते.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंस सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्या वाटेवरील पहिली पायरी शालेय मैदानावरच असते. जो खेळलाच नाही, तो निवड करणाऱ्यांच्या दृष्टीस पडणार कसा? प्रशिक्षकास दोष देऊन हे सुटणारे नाही, कारण त्याचे मोजमाप विजयानेच होते. म्हणून निदान चौदा वर्षांखालील स्पर्धांत तरी राखीव खेळाडूंच्या किमान खेळाचे कलम असावे. ते परकीय अनुकरण ठरू नये. बाहेर बसलेल्याची पाळी मर्जीने नव्हे, तर क्रमाने यावी, हे तत्त्व संजीवनीने मान्य केलेलेच आहे. ते सातांवरून बारांपर्यंत नेणे एवढेच उरले आहे.