शंभर डाव, अर्ध्या सेंटचं भांडण

बीटेकला असताना 'कैद्यांचा पेच' मी मार्कांपुरता पाठ केला होता. दोन कैदी, वेगळ्या खोल्या. दोघं गप्प राहिले तर थोडक्यात सुटतील. पण समोरचा काहीही करो, आपण फुटलो तर आपला फायदा जास्त. म्हणून दोघं फुटतात आणि दोघंही अडकतात.

गंमत म्हणजे कैदी नंतर आले. ती गोष्ट अल्बर्ट टकर यांनी मे १९५० मध्ये एका व्याख्यानासाठी रचली. खेळ त्याआधीच झाला होता.

जानेवारी १९५०. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाची रँड संस्था. सोव्हिएत अणुचाचणीला जेमतेम पाच महिने झालेले. फ्लड आणि ड्रेशर या गणितज्ञांनी दोघांना खेळायला बसवलं: अर्थतज्ज्ञ अल्चियन आणि रँडच्या गणित विभागाचे प्रमुख विल्यम्स. डाव शंभर. दोघांनी साथ दिली तर विल्यम्सना एक सेंट, अल्चियनना अर्धाच.

तर्क काय सांगतो? शंभराव्या डावानंतर उद्या नाही, म्हणजे तिथे दगा. मग नव्याण्णवाव्यात तरी साथ कशाला? असं मागे येत येत पहिल्याच डावात दगा.

झालं भलतंच. अल्चियननी ६८ वेळा साथ दिली, विल्यम्सनी ७८ वेळा. ६० डावांत दोघंही सोबत होते. प्रत्येक खेळीमागचं कारण दोघं लिहून ठेवत होते. अल्चियनना असमान वाटणी खुपत होती. विल्यम्स दग्याला दग्याने उत्तर देऊन पुन्हा साथीवर यायचे.

जॉन नॅश यांचा आक्षेप रास्त होता: हे शंभर सुटे खेळ नाहीत, हा एकच लांबलचक खेळ आहे. उद्या पुन्हा गाठ पडणार असेल, तर हिशोबच बदलतो.

हे वाचून मला माझी एक गोष्ट आठवली. आम्ही दोघं सहकारी एकमेकांच्या रात्रपाळ्या सांभाळायचो. त्याने राजीनामा दिला आणि मी टाळाटाळ सुरू केली. जाणारच आहे ना! तो मात्र शेवटच्या शुक्रवारी रात्री साडेअकरापर्यंत बसून मला कोड समजावत होता.

मागून हिशोब मी मांडला होता. त्याने मांडलाच नाही. आज एपिसोड संपल्यावर त्याला फोन करणार आहे.