प्रतिकृतीची साक्ष

मनुष्यास मोठ्या वस्तूंचें वेड असतें. परंतु मोठी वस्तु करण्याची विद्या त्यास बहुधा लहान वस्तूनेंच शिकविली आहे. ही गोष्ट उघड असूनही आमच्या सुशिक्षित समाजाच्या मनांत ती पुरी ठसलेली नाहीं. विमानांच्या, आगगाड्यांच्या व जहाजांच्या प्रतिकृतींचें प्रदर्शन शहरांत भरलें, कीं वडील मंडळी मुलांच्या हट्टास्तव तेथें जातात, घटकाभर माना डोलावतात आणि ‘खेळ छान आहे’ असें म्हणून घरीं परततात. या ‘खेळ’ शब्दांत कौतुकापेक्षां उपेक्षाच अधिक असते. निदान नाशिक शहरांत तरी ती नसावी, असें आम्हांस वाटतें. कारण विसाव्या शतकाचें रूप पालटणाऱ्या चित्रपट व विमान या दोन विद्यांशीं या शहराचा निकट संबंध आहे, आणि त्या दोहोंच्या इतिहासांत प्रतिकृतीस मानाचें स्थान आहे.

अशा प्रदर्शनास जिज्ञासु बुद्धीनें जाणाऱ्यास तेथें दोन निरनिराळ्या जातींचे कारागीर आढळतात. एक मंडपांत बसलेला असतो, दुसरा मैदानांत उभा असतो. मंडपांतल्याच्या पुढ्यांत मेजावर मूळ वस्तूच्या बहात्तराव्या किंवा अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचीं विमानें आणि पस्तिसाव्या हिश्श्याचे रणगाडे मांडलेले असतात. मूळ विमानाच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या ओळी कोठून गेल्या होत्या, काजळी कोठें चढली होती, शेपटावर कोणत्या तुकडीचें चिन्ह होतें, याचा शोध त्यानें छायाचित्रें व जुने आराखडे चाळून महिनोन् महिने केलेला असतो. मैदानांतल्याचें विमान दिसण्याकरितां नसून उडण्याकरितां असतें. दक्षिण अमेरिकेंतील बालसा नांवाच्या झाडाचें अतिशय हलकें लांकूड किंवा फोम यांचें त्याचें अंग असतें. उडविणाऱ्याच्या हातांतील पेटीवर दोन दांड्या असतात. दांडी किंचित् हलली, कीं तिचा संदेश रेडिओच्या लहरींवरून विमानांतील ग्राहकयंत्रास पोंचतो, आणि तेथील इवलीशी मोटर पंखाची किंवा शेपटाची झडप तितकीच हलविते. पूर्वीं प्रत्येकास आपली लहर वेगळी ठेवावी लागे, आणि एकाच लहरीवर दोघांनीं पेट्या चालू केल्या तर विमान हातचें जाई. अलीकडच्या पेट्या ही व्यवस्था आपली आपणच करतात. तरीही हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. विमान आपल्यापासून दूर जात असतां उजवी दांडी त्यास आपल्या उजवीकडे वळविते. तेंच आपल्याकडे तोंड करून येऊं लागलें, कीं त्याची उजवी बाजू ती आपली डावी होते. नवशिक्याची फजिती बहुधा याच क्षणीं होते.

या दोन कारागिरांच्या कामांत एक मूलगामी भेद आहे. मंडपांतील प्रतिकृति मूळ वस्तूच्या मागून आलेली असते. मैदानांतील प्रतिकृतीचें कुळ पाहूं गेल्यास तें मोठ्या विमानाच्या आधींचें आहे. पहिलीस आम्ही स्मरणाची प्रतिकृति म्हणतों व दुसरीस शोधाची. पहिली ‘असें होतें’ हें सांगते. दुसरी ‘असें होऊं शकेल काय?’ हें विचारते. राष्ट्राच्या जीवनास दोहोंची गरज असते. परंतु आमच्या समाजानें पहिलीस उराशीं धरलें आणि दुसरीस पोरखेळ ठरविलें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

स्मरणाच्या प्रतिकृतीची आवड आमच्या रक्तांतच आहे. दिवाळींत महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत दगड, विटा व माती यांचा किल्ला रचतात, त्यावर धान्य पेरून हिरवळ उगवितात, पायथ्याशीं गांव वसवितात आणि माथ्यावर शिवछत्रपतींस सिंहासनावर बसवितात. ज्या रामशेजनें १६८२ पासून कित्येक वर्षें मोगलांच्या फौजेस दाद दिली नाहीं, तो तर नाशिकच्या मुलांच्या अगदीं शेजारचा किल्ला. इतिहासाचें पहिलें पुस्तक हातीं येण्यापूर्वीं मातीनें माखलेल्या हातांनीं तो इतिहास शिकण्याची ही रीति आम्हांस फार मोलाची वाटते. पुण्यास कोथरूड येथें १९९८ पासून असलेलें जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय हें याच आवडीचें प्रौढ रूप होय. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यांत ज्या मिग-२१ विमानांची बांधणी झाली, त्यांस भारतीय वायुदलानें २६ सप्टेंबर १९२५ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत २०२५ सालच्या त्याच दिवशीं निरोप दिला. आतां तें विमान संग्रहालयांत, चौकांतील चौथऱ्यांवर आणि प्रदर्शनांतील मेजांवरच भेटेल. त्याच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा जपणाऱ्या कारागिरास हंसणें हें कृतघ्नपणाचें ठरेल.

आतां शोधाच्या प्रतिकृतीकडे वळूं. संक्रांतीस येवल्याचें आकाश पतंगांनीं भरून जातें, हें नाशिक जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको. १८०४ सालीं इंग्लंडांत जॉर्ज केली या गृहस्थानें असलाच एक पतंग घेतला, तो एका काठीवर पंखासारखा बसविला, काठीच्या टोंकास हलतें शेपूट जोडलें, आणि दोरीवांचून तो टेकडीवरून तरंगत सोडला. विमानाचा पंख, धड व शेपूट हा जो सांगाडा आज सर्वत्र दिसतो, त्याचा आरंभ या खेळण्यांत आहे. पुढें १८७१ सालीं आल्फोंस पेनो या फ्रेंच तरुणानें पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर उडणारें लहानसें विमान पॅरिसमध्यें लोकांसमक्ष उडवून दाखविलें. रबरावर चालणारें एक उडतें भिंगरीवजा खेळणेंही त्यानें केलें होतें. त्याच जातीचें एक खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका पाद्र्यानें आपल्या दोन धाकट्या मुलांस आणून दिलें. तीं मुलें म्हणजे विल्बर व ऑर्व्हिल राइट.

त्या मुलांनीं पुढें काय केलें, तें आमच्या मतें त्यांच्या पुढील कीर्तीइतकेंच मनन करण्यासारखें आहे. त्यांनीं त्या खेळण्याच्या नकला केल्या, व प्रत्येक नक्कल आधीच्यापेक्षां मोठी केली. परंतु खेळणें जसजसें मोठें होई, तसतसें तें कमी उडे. कारण त्या वयांत त्यांस कळलें नाहीं. पण प्रश्न मनांत रुतला. उत्तर गॅलिलिओनें १६३८ सालींच आपल्या ग्रंथांत दिलेलें होतें. वस्तूची लांबी दुप्पट केली, कीं तिचें क्षेत्रफळ चौपट होतें, पण वजन आठपट होतें. पंखाची धारणशक्ति क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळें लहान विमानास जें सहज साधतें, तें मोठ्यास तसेंच साधत नाहीं. म्हणजे प्रतिकृति ही साक्षीदार खरी. पण तिची उलटतपासणी घ्यावी लागते. ही उलटतपासणी घेण्याचें शास्त्र जहाजांच्या बाबतींत विल्यम फ्राउड यानें घडविलें. १८७२ मध्यें त्यानें टॉर्क्वे येथें पाण्याचा लांब हौद बांधवून त्यांत जहाजांच्या प्रतिकृति ओढून पाहिल्या.

ही तपासणी न घेतल्यास काय होतें, याचा दाखला लँगले या अमेरिकन पंडिताच्या चरित्रांत आहे. ६ मे १८९६ रोजीं त्याचें वाफेच्या इंजिनाचें, माणूस नसलेलें विमान पोटोमॅक नदीवर सुमारें हजार मीटर उडालें. मग सरकारी पैशानें त्यानें माणसासह उडणारें मोठें यंत्र बांधलें, आणि १९०३ सालीं तें दोनदां नदींत कोसळलें. सांगाड्याचा कमकुवतपणा हें त्याचें एक मुख्य कारण मानलें जातें. दुसऱ्या अपघातानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं, १७ डिसेंबर १९०३ रोजीं, राइट बंधु उडाले. या पंडिताजवळ नसलेलें असें त्यांच्याजवळ काय होतें? १९०१ सालीं त्यांनीं एका लांकडी पेटीतून पंख्यानें वारा सोडून त्यांत सुमारें दोनशें प्रकारचे चिमुकले पंख तपासले होते. लहानपणीं मोठ्या केलेल्या खेळण्यानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं लहान पंखांकडूनच काढून घेतलें.

दुरून यंत्र चालविण्याची विद्याही अशीच लहान प्रयोगांतून निघाली. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली व दारू पेटविली. १८९८ मध्यें निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत पाण्याच्या टांक्यांत एक लहान नाव सोडली आणि तारेवांचून ती हवी तशी वळवून दाखविली. १९३७ च्या सुमारास गुड आडनांवाच्या दोघां अमेरिकन बंधूंनीं रेडिओनें चालणारें आपलें प्रतिकृति-विमान उडविलें. आज शेतावर औषध फवारणारे ड्रोन या वंशांतलेच आहेत, आणि आमच्या सरकारास २०२१ मध्यें त्यांच्याकरितां स्वतंत्र नियम करावे लागले. काल ज्यास खेळणें म्हणत होतों, त्याच्यासाठीं आज कायदा करावा लागतो, यांत सर्व आलें.

या परंपरेंत नाशिकचा वांटा कोणता? त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे बडोद्याच्या कलाभवनांत शिकत असतां त्यांनीं आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृति तयार केली, आणि १८९२ सालच्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनांत तीस सुवर्णपदक मिळालें. जें नाट्यगृह कोठेंही उभें नव्हतें, त्याची ती प्रतिकृति होती. म्हणजे आमच्या भाषेंत ती शोधाची प्रतिकृति होय. पुढें १९१२ सालीं चित्रपट काढण्यास भांडवल मिळेना, तेव्हां फाळक्यांनीं व्याख्यानें दिलीं नाहींत. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, सुमारें महिनाभर त्याच्या वाढीचीं चित्रें घेतलीं, आणि अंकुर फुटून वेल वर चढतो हें मिनिटाभरांत पडद्यावर दाखविलें. मग भांडवल मिळालें, आणि १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यानंतर त्यांनीं आपलें ठाणें नाशकास हलविलें, व १९४४ मध्यें येथेंच त्यांचा अंत झाला. हिंदी चित्रपटसृष्टीचा एवढा वृक्ष एका वाटाण्याच्या साक्षीवर उभा राहिला, हें नाशिककरांनीं विसरूं नये.

आतां एका नाजूक विषयास हात घालणें प्राप्त आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं मुंबईस चौपाटीवर माणूस नसलेलें विमान उडविलें, अशी कथा महाराष्ट्रांत मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. तळपदे हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते, याबद्दल शंका नाहीं. परंतु त्या उड्डाणाचा त्या काळचा विश्वसनीय पुरावा इतिहासकारांच्या हातीं लागलेला नाहीं. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या विषयांत वारंवार दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील विद्वानांनीं १९७४ सालीं केली, आणि तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकांतला आहे व त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत असा निर्णय दिला. हें सांगितलें म्हणजे कित्येकांस राग येतो. पण रागानें पुरावा निर्माण होत नाहीं. पेनोचें खेळणें लोकांनीं पाहिलें, त्याच्या नकला झाल्या व त्या नकलाही उडाल्या. चौपाटीच्या विमानाची नक्कल कोणास करतां आली नाहीं. शोधाच्या प्रतिकृतीची उणीव आम्ही स्मरणानें भरून काढूं पाहतों, आणि मग स्मरणासही खोटें बोलावें लागतें. बोस आणि फाळके यांनीं चारचौघांसमक्ष दाखविलेलें सत्य हाताशीं असतां आम्हांस उसन्या अभिमानाची गरज ती काय?

ओझरचा कारखाना १९६४ सालीं स्थापन झाला. तेथील कामगारांचें कौशल्य वादातीत आहे. परंतु मिग काय किंवा सुखोई काय, मूळ आराखडा परक्यांचा होता. २०२५ च्या ऑक्टोबरांत त्याच ओझरहून देशांत आखलेलें तेजस विमान उडालें. त्या विमानाचा आकार ठरला तो त्याच्या लहान प्रतिकृति बंगळूरच्या वायुबोगद्यांत वाऱ्यापुढें धरून पाहिल्यानंतरच. परवान्यावर विमान बांधणाऱ्यास प्रतिकृति लागत नाहीं, कारण प्रश्न दुसऱ्यानें आधींच विचारलेले असतात. स्वतः आखणाऱ्यास मात्र तिच्यावांचून एक पाऊलही टाकतां येत नाहीं.

म्हणून अशा प्रदर्शनास जाणाऱ्या पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलाचें विमान कोसळलें, तर ‘पैसे वायां गेले’ असें म्हणूं नये. ‘तें कां पडलें?’ असें त्यास विचारावें, व उत्तर शोधण्यास त्यास वेळ द्यावा. दिवाळीचा किल्ला तर त्यानें करावाच. पण किल्ल्याबरोबर, जें अद्याप कोठेंच नाहीं असें कांहीं तरी करून पाहण्यासही त्याच अंगणांत थोडी जागा ठेवावी.